तुम्ही विचारलंत म्हणून: माशाच्या सुऱ्या का नाहीत?

घरी जेवायला आलेलं कुणी ना कुणी विचारतंच, की एवढी जुनी इंग्लिश चांदी जमवलीस आणि माशाच्या सुऱ्यांचा सेट कसा नाही रे, तो तर खास श्रीमंतांचा ना?

उलट आहे हो. इंग्लंडातल्या खानदानी लोकांनी याच सुरीला नाकं मुरडली. त्यांच्याकडची चांदी १८व्या शतकातली, पणजोबांकडून आलेली, तेव्हा माशाला वेगळी सुरी नव्हतीच, दोन काटे (फोर्क) घेऊन मासा सोडवायचे. मग १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टननी विजेने चांदीचा मुलामा द्यायचं पेटंट घेतलं आणि वकील, डॉक्टर, गिरणीवाले, सगळ्यांच्या टेबलावर चकाकी आली. दुकानदारांना काय, मखमली अस्तराच्या पेटीत बारा सुऱ्या बारा काटे घालून विकायचे. म्हणजे ज्याच्याकडे माशाची सुरी त्याने चांदी विकत घेतलीय, वारशाने मिळालेली नाही, हे पाहुण्याला लगेच कळायचं! काय एकेक खोड्या.

बरं, सुरी मुळात बिनकामाची नव्हती. स्टेनलेस स्टील आलं १९१३ च्या सुमाराला, त्याआधीच्या पोलादी पात्यावर लिंबू पडलं की माशाला लोखंडाची चव लागायची, म्हणून चांदीचं पातं, रुंद, बोथट, टोकाशी छोटी खाच.

आता ओळखायचं कसं, तर सुरी उलटी करून भिंगाखाली धरा. चालणारा सिंह दिसला तर ९२.५ टक्के चांदी, शेजारी जहाजाचा नांगर असेल तर बर्मिंगहॅमचा छाप (समुद्राचा पत्ता नसलेल्या गावाला नांगर!), आणि एक अक्षर असतं ते वर्षाचं. ई.पी.एन.एस. अशी अक्षरं असतील तर नुसता मुलामा, आत निकेलचा मिश्रधातू. माझ्याकडच्या एका जुन्या काट्यावर कुणाच्या तरी घराण्याचं चिन्ह होतं, पॉलिश करून करून इतकं झिजलंय की पक्षी आहे का घोडा तेच कळत नाही, आणि गंमत म्हणजे तसं झिजलेलं असणं हीच तिथे ऐट.

तुम्हाला सेट हवाच असेल तर मुलाम्याचा घ्या, जुन्या बाजारात पेटीसकट स्वस्तात मिळतो, कारण हल्ली फारसं कुणी विचारत नाही. फक्त डिशवॉशरमध्ये टाकू नका. आणि बांगडा असेल त्या दिवशी मला बोलावलंत तर सुरी मांडूच नका, मी हातानेच खाणार.