तुम्ही विचारलंत म्हणून: पोरींना हीच गोष्ट का?

‘ताई, बापाच्या चुकीपायी पोरगी जनावराच्या घरी जाते, असली गोष्ट आमच्या पोरींना कशाला?’ यवतमाळकडच्या आमच्या गावात मी शनिवारी मुलींना गोष्टी सांगते, तर त्यांच्या आया हे हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे.

गोष्ट फ्रान्सची, ‘ब्यूटी अँड द बीस्ट’, म्हणजे सुंदरी आणि श्वापद. व्हिलनव्ह बाईंनी १७४० मध्ये ती लांबलचक लिहिली, बोमाँ बाईंनी १७५६ मध्ये आटोपशीर केली. व्यापाऱ्याची जहाजं बुडतात, घरदार विकून सगळे खेड्यात येतात. (हा भाग आमच्या पोरींना समजावून सांगावा लागत नाही.) बाप रस्ता चुकून एका वाड्यात पोचतो, धाकटीसाठी गुलाब तोडतो, आणि शापानं श्वापद झालेला मालक त्याच्या जिवावर उठतो. बापाऐवजी धाकटी जाते.

मी सांगते ती अमेरिकेच्या रॉबिन मॅककिन्ली यांची १९७८ ची कादंबरी, ‘ब्यूटी’. इंग्रजीत वाचते, वऱ्हाडीत सांगते. बोमाँकडच्या थोरल्या बहिणी जळकुकड्या; इथे त्या मायाळू आहेत. ब्यूटी हे नुसतं लाडाचं नाव, पोरगी स्वतःला कुरूपच समजते, रमते घोड्यात आणि पुस्तकांत.

पण माझा जीव अडकलाय तो रोजच्या एका प्रश्नात. रात्रीचं जेवण झालं की श्वापद विचारतं, ‘माझ्याशी लग्न करशील?’ ती म्हणते, ‘नाही.’ विषय संपला. दुसऱ्या दिवशी ताट तसंच वाढलेलं, ग्रंथालय तसंच उघडं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मागून एक जण म्हणाली, ‘नाई म्हणते तरी तिले काहीच करत नाई थो?’ मी तो प्रसंग पुन्हा सांगितला. आमच्याकडे पाहुणे येतात, पोरगी पोह्यांचा ट्रे घेऊन येते, शिक्षण-उंची विचारून होते, बैठकीत सुपारी फुटते. ‘तुला पसंत आहे का?’ हे विचारलंच तर सगळ्यात शेवटी, आणि तोवर ‘नाही’ म्हणायला जागाच उरलेली नसते.

ती कैदेतच आहे ना, असं तुम्ही म्हणाल. आहे, आणि पोरींपासून मी ते लपवत नाही. दार बंद असताना दिलेल्या होकाराला मी तरी किंमत देत नाही. म्हणून श्वापद तिला माहेरी जाऊ देतं, ती परतली नाही तर आपण मरू हे ठाऊक असून, ती पानं मी सावकाश सांगते. होकार येतो तो त्यानंतर, ती आपल्या पायांनी परत आल्यावर.

शेवट मात्र मला पटत नाही. श्वापदाचा देखणा पुरुष होतो, पोरगीही आरशात सुंदर दिसते. मॅककिन्लींनीच १९९७ मध्ये ‘रोझ डॉटर’मध्ये ही गोष्ट पुन्हा लिहिली, आणि तिथे तो आहे तसाच राहावा हे मुलगी निवडते. कापूस घरात आला की मोठ्या पोरींना ती सांगणार आहे. आयांनीही या, सतरंजी मोठी आहे.