यंत्रमानवाच्या कपाळावरची चीर

अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी कागदाच्या जतन-संवर्धनाचे काम करते. त्या दिवशी माझ्या टेबलावर ‘अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन’ या मासिकाचा ऑक्टोबर १९५३ चा अंक आला. जुन्या विज्ञानकथा-मासिकांवरील भीतिदायक यंत्रमानवांचे प्रदर्शन भरायचे होते आणि त्याच्या दर्शनी भागात याच अंकाचे मुखपृष्ठ मांडले जाणार होते. सोबतच्या चिठ्ठीवर फलकाचा कच्चा मजकूरही होता आणि त्यात या चित्राचे वर्णन ‘माणसाचा बळी घेणारे यंत्र’ असे केलेले होते. मला त्यात काहीच वावगे वाटले नाही.

चित्र फ्रँक केली फ्रीस यांचे, टॉम गॉडविन यांच्या एका कथेसाठी काढलेले. अवाढव्य धातूचा यंत्रमानव, पुढे केलेल्या त्याच्या तळहातावर निपचित पडलेला माणूस आणि धातूच्या बोटाला लागलेले रक्त, एवढे दिसले की पाहणारा निकाल देऊन मोकळा होतो. मीही तसाच दिला होता.

या मासिकांचा आतला कागद लाकडाच्या स्वस्त लगद्याचा असतो. त्यातले लिग्निन, म्हणजे लाकडाला टणकपणा देणारे द्रव्य, काढून टाकलेले नसल्यामुळे तो पिवळा पडतो, आम्लतेने आतून कुजत जातो आणि पान उलटतानाही त्याचे तुकडे पडतात. मुखपृष्ठाचा कागद मात्र गुळगुळीत, लेप दिलेला असतो, म्हणून आतले अक्षर तपकिरी कागदात बुडत चालले तरी वरचा रंग टवटवीत राहतो. आमच्याकडच्या अनेक अंकांची गत अशी आहे की चित्र सर्वांना दिसते आणि कथा वाचायला अंक उघडण्याचे धाडस कोणी करत नाही.

या अंकाच्या मुखपृष्ठाला वरच्या कडेपासून एक चीर गेली होती, ती यंत्रमानवाच्या कपाळावरून थेट डोळ्याखाली उतरली होती. लेप दिलेल्या कागदाला पाणी मानवत नाही. ओल जरा जास्त झाली की चकाकी जाते आणि तिथे कायमचा डाग राहतो. म्हणून गव्हाच्या स्टार्चची खळ जवळजवळ कोरडी होईपर्यंत निपटून घ्यायची, मागच्या बाजूची छपाई वाचता येईल इतका पातळ जपानी कागद बोटभर रुंदीचाही न घेता अगदी बारीक पट्ट्यांनी लावायचा आणि प्रत्येक पट्टी टीपकागदाखाली वजन ठेवून वाळू द्यायची, असे ते काम. पट्टी वाळेपर्यंत चीर नीट जुळली आहे ना हे पुढच्या बाजूने भिंगातून पाहत राहावे लागते. त्यामुळे सकाळचे तीन तास माझ्या नजरेसमोर त्या चेहऱ्याखेरीज दुसरे काही नव्हते.

दुसऱ्या पट्टीच्या वेळी माझा हात थांबला. चीर जुळली तसे दोन्ही डोळे प्रथमच एका रेषेत आले, आणि त्या डोळ्यांत क्रौर्य नव्हते. गोंधळ होता, दुःख होते. हात उगारलेलाही नव्हता; हातून काहीतरी मोडल्यावर लहान मूल ते घेऊन मोठ्या माणसाकडे येते, तसा तो समोर धरलेला होता. मी शेजारच्या दालनातील ज्येष्ठ सहकाऱ्यांना बोलावले. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिले आणि मग सांगितले की फ्रीस यांच्या या चित्राबरोबर एक ओळ येते आणि त्या ओळीत यंत्रमानव ‘हे दुरुस्त करून द्या ना, बाबा’ अशा अर्थाची विनवणी करतो. ती ओळ मला आधी ठाऊक असती तर मी तीच चित्रात शोधली असती. ती न कळता चेहरा वाचता आला, याचे समाधान अजून आहे.

दुपारनंतर मी प्रदर्शनाची उरलेली चित्रे पुन्हा काढून पाहिली. १९५६ च्या ‘फॉरबिडन प्लॅनेट’ या चित्रपटाच्या भित्तिपत्रकावर रॉबी नावाचा यंत्रमानव मूर्च्छित तरुणीला उचलून निघालेला दिसतो. चित्रपटात असा प्रसंगच नाही; उलट माणसाला इजा करण्याची आज्ञा झाली की त्या रॉबीची यंत्रणाच अडून बसते. ‘अमेझिंग स्टोरीज’च्या जानेवारी १९३९ च्या अंकातली यंत्रमानवाची कथा तर त्याने स्वतःच सांगितलेली आहे, कारण आपल्या निर्मात्याच्या खुनाचा खोटा आळ त्याच्यावर आला आहे. ‘रोबॉट’ हा शब्द कारेल चापेक यांच्या १९२० च्या नाटकातून आला आणि त्याच्या मुळाशी असलेल्या चेक शब्दाचा अर्थ सक्तीची मजुरी, म्हणजे आपल्याकडची वेठ. त्या नाटकात वेठीला धरलेले उठाव करतात. विक्रेत्याच्या मांडणीतून अंक उचलला जावा म्हणून मुखपृष्ठांनी त्यातला उठाव तेवढा उचलला आणि वेठ सोडून दिली, असे मला वाटते.

फ्रीस यांचे चित्र पुढे लाखो घरांत पोहोचले. १९७७ मध्ये ‘क्वीन’ या वाद्यवृंदाच्या ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या ध्वनिमुद्रिकेसाठी त्यांनी ते नव्याने रंगवले आणि मेलेल्या माणसाच्या जागी चौघे वादक-गायक आले. त्यांतला फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकलेला. त्या वेष्टनामुळेही हा यंत्रमानव मारेकरी म्हणूनच लक्षात राहिला असावा.

संध्याकाळी मी फलकाचा मजकूर बदलण्याची लेखी विनंती केली आणि ती मान्य झाली. अडचण प्रकाशाची होती. छापील कागदासाठी आम्ही ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) वर जात नाही आणि एवढ्या मंद उजेडात चार पावलांवरून तो चेहरा पुन्हा भेसूर दिसू लागला. तेव्हा अंक पेटीच्या मागच्या भिंतीवरून काढून पुढच्या काचेलगत, कमरेच्या उंचीवर ठेवला. आता तो पाहायला माणसाला वाकावे लागते, आणि वाकले की डोळे डोळ्यांसमोर येतात.