वाटीची कविता, मीटरची कविता

आठवीच्या मुलांना आज कविता लिहायला दिली. अट एकच: पाऊस, आई, देश हे विषय नाहीत. घरातली रोज हाताळायची वस्तू घ्या आणि तिचं कौतुक करा.

चिलीच्या पाब्लो नेरुदांनी कांद्यावर, मिठावर, मोज्यांवर कविता लिहिल्या. अशा कवितांचा त्यांचा पहिला संग्रह 1954 साली आला. हे सांगितलं, पण मुलं खुलली ती आपल्या बहिणाबाईंचं जातं आणि मोट निघाल्यावर.

पहिल्या फेरीत सगळ्यांचं 'तू किती छान, तू किती महान'. मग म्हटलं, विशेषणं बंद, यमकही नको. यमकाच्या मागे लागलं की वस्तू हातातून निसटते, असं माझं ठाम मत आहे. वाजवून बघा, कुठे झिजलीय ते लिहा.

एका मुलीने डब्यातली स्टीलची वाटी उलटी केली. मागे ठिपक्यांनी आजीचं नाव, तुळशीबागेत घेतानाच घालून घेतलेलं. तिने लिहिलं, 'घासून घासून नावातला काना गेलाय. या नावाने आजीला घरात कुणीच हाक मारत नाही, फक्त वाटीला माहीत आहे.' वाचताना माझा आवाज जड झाला.

एकाने बाबांच्या रिक्षाच्या मीटरवर लिहिलं: 'सिग्नलला बाबा थांबतात, तू मोजत राहतोस.'

उद्या प्रत्येकाने आपली वस्तू आणायची आहे. मीटरवाला म्हणाला, "बाई, बाबांना रिक्षा फाटकाशी लावायला सांगतो." मधल्या सुट्टीत त्याची कविता आम्ही तिथेच ऐकणार.