ट्रंपेट घेताना: ‘तोंडाला लावायचं नाही, मॅडम’

काउंटरच्या काचेवर लॅमिनेट केलेला कागद होता: फुंकून वाजवायची वाद्यं तोंडाला लावू नयेत. मी बडोद्याहून रात्रभर प्रवास करून मुंबईतल्या त्या दुकानात पोचले होते. पर्समध्ये माझा स्वतःचा माउथपीस (ट्रंपेटला बसवायचा, ओठांना लावायचा सुटा भाग) होता आणि अडीच-तीन लाख खर्च करायची तयारी होती. काउंटरवरच्या मुलाने ट्रंपेट हातात दिलं. म्हणाला, वजन बघा, फिनिश बघा. मी विचारलं, आणि आवाज? "आवाज कंपनीचाच आहे, मॅडम. मुलासाठी घेताय का?"

माझ्यासाठी घेत होते. मी बावीस वर्षं ट्रंपेट वाजवते.

बडोद्यात मांडवीजवळ राहणाऱ्या एका बँडमास्तरांकडे शिकले. त्यांनी दिलेलं वाद्य मेरठचं, जली कोठीतलं. देशभरातल्या लग्नाच्या बँडांची बहुतेक वाद्यं तिथेच बनतात. वरातीत ते चार गल्ल्या पलीकडे ऐकू जातं, कारण ते त्याचसाठी बनवलेलं असतं. पण दर रविवारी आम्ही पाचजण दांडिया बाजारातल्या एका घराच्या वरच्या खोलीत बसतो: दोन ट्रंपेट, हॉर्न, ट्रॉम्बोन, ट्यूबा. तिथे हळू वाजवायला गेलं की त्यातून आधी नुसती हवा यायची आणि मग दचकल्यासारखा सूर. शिवाय वर्षातून एक-दोनदा मुंबईच्या एका ऑर्केस्ट्रात मला बदली म्हणून बोलावतात. दोन्हीकडे चालेल असं एकच वाद्य हवं होतं. दोन घेणं परवडणारं नव्हतं.

ट्रंपेट बी फ्लॅटचं घ्यायचं की सीचं, हे मी घरीच ठरवून टाकलं. बी फ्लॅट म्हणजे आपली काळी पाच, सी म्हणजे पांढरी एक. अमेरिकेतल्या ऑर्केस्ट्रांत सी ट्रंपेटच जास्त दिसतं. त्याची नळी आखूड, आवाज उजळ, सूर टोकदार सुटतो. पण क्विंटेटच्या, म्हणजे आमच्यासारख्या पाचजणांच्या मेळाच्या, वह्या बहुतेक बी फ्लॅटसाठी छापलेल्या मिळतात, आणि हॉर्न-ट्रॉम्बोनमध्ये मिसळायला तोच गोल आवाज बरा. बेथोवनच्या पाचव्या सिंफनीसारखं सी ट्रंपेटसाठी लिहिलेलं समोर आलं तर एक पूर्ण स्वर वर धरून वाचायचं. ई फ्लॅटचं आलं तर सा पासून म पर्यंत जेवढं अंतर तेवढं वर. सुरुवातीला डोकं दुखतं, पण या सवयीला पैसे पडत नाहीत. एकच ट्रंपेट घेणाऱ्याने बी फ्लॅटच घ्यावं, या मतावर मी ठाम आहे. बोअर, म्हणजे नळीचं आतलं माप, मीडियम-लार्ज: ०.४५९ इंच. बाख कंपनीचं ३७ नंबरच्या बेलचं (बेल म्हणजे पुढचं कर्ण्यासारखं तोंड) आणि यामाहाचं झेनो मॉडेल, दोन्ही याच मापात मिळतात. या दोघांतलं एक घ्यायचं, एवढंच उरलं होतं.

आणि ते ठरवायला दोन्ही वाजवून बघायला हवी होती!

पहिल्या दिवशी कारण मिळालं स्वच्छतेचं. मी म्हटलं, माउथपीस माझा आहे. "आतली नळी ओली होते." म्हटलं, धुवायचे पैसे देते. "सील उघडलं की पीस आमच्या गळ्यात पडतो." मग त्याने तोडगा सांगितला: अर्धी रक्कम आधी भरा, मग फुंका. पसंत नाही पडलं तर पैसे परत नाहीत, त्याबदल्यात दुकानातलं दुसरं काहीही घ्या. दीड लाखाची मी काय गिटार घेणार होते? त्याच रात्री परत बडोद्याला आले.

आठवड्याने फोन केला तर कळलं की ट्रायल मिळतो, पण फक्त संस्थांना. फॉर्म पाठवला. संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक, जीएसटी क्रमांक, विद्यार्थ्यांची संख्या, लेटरहेडवर मागणीपत्र. वाद्य कोण वाजवणार, यासाठी एक ओळसुद्धा नाही. आम्ही पाच माणसं रविवारी एका खोलीत बसतो, आमचा कसला नोंदणी क्रमांक? फोनवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, सिस्टिममध्ये वैयक्तिक ग्राहकाचा ऑप्शनच नाहीये."

मला त्या दिवशी खरंच रडू आलं. ज्या बडोद्यात १८८६ साली सयाजीरावांनी गायक मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली, जिथे कमाटीबागेत बँडसाठी खास बँडस्टँड उभा आहे, तिथल्या बाईला एक सूर फुंकून बघण्यासाठी जीएसटी नंबर मागतात.

मी शनिवारी जिथे मुलांना ब्रास, म्हणजे पितळी फुंकवाद्यं, शिकवते त्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी पत्र दिलं. ते परत आलं, कारण सहीवर गोल शिक्का नव्हता. शिक्का मारून पुन्हा कुरिअर केलं. त्यानंतर सहा आठवडे काहीच नाही. मी दर सोमवारी फोन करायची आणि दर सोमवारी "फाइल वर गेलीय" ऐकायची. शेवटी मंगळवारची तारीख मिळाली. बँकेत रजा टाकली, आमच्या हॉर्नवाल्याला बरोबर घेतलं आणि गेले. समोर काय ठेवलं? शिकाऊ मुलांसाठीचं स्वस्तातलं मॉडेल. "सगळं सारखंच असतं मॅडम, पॉलिशचा फरक."

मी तिथल्या बाकावर बसले आणि सांगितलं, मालक येईपर्यंत उठणार नाही. साडेअकरा वाजले होते. मालक साडेचारला आले. वयस्कर गृहस्थ. त्यांनी माझ्या हातातला माउथपीस बघितला, त्याच्या कडेची उडालेली चांदी बघितली आणि एकच विचारलं, "काय वाजवता?" मी सांगितलं, क्विंटेट, आणि सध्या सां-साँच्या १८८० सालच्या सेप्टेटची तयारी चाललीय. एक पियानो, पाच तारवाद्यं आणि एकटं ट्रंपेट. ट्रंपेट हळू बोललं नाही तर व्हायोलिन बुडतं. त्यांनी स्वतः जाऊन दोन पेट्या आणल्या. "वरच्या खोलीत जा. वीस मिनिटं." माझे अडीच महिने गेले त्या वीस मिनिटांसाठी. त्या फॉर्मचं कोणी नावसुद्धा काढलं नाही.

वीस मिनिटांत मी एकदाही मोठ्याने वाजवलं नाही. मोठ्याने सगळीच ट्रंपेट छान वाजतात. मधला जी घेतला, अगदी कुजबुजल्यासारखा, जिभेने हलकेच सोडून. बाखचा आवाज भरदार होता, मोठ्या हॉलमध्ये तो मागच्या रांगेपर्यंत पोचला असता. पण इतक्या हळू सूर सोडला की दहातून दोनदा अडखळला. झेनो दहाही वेळा बोललं. मग खालचे डी आणि सी शार्प. हे दोन सूर सगळ्याच ट्रंपेटवर चढे लागतात, ते तिसऱ्या व्हॉल्व्हची (बोटाने दाबायच्या खटक्याची) स्लाइड, म्हणजे सरकती नळी, बोटाने बाहेर ढकलून उतरवावे लागतात. म्हणून ती स्लाइड लोण्यासारखी सरकली पाहिजे. वरचे डी, ई फ्लॅट आणि ई उतरे लागतात, ते ट्यूनर लावून बघितले. शेवटी हॉर्नवाला भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि मी न सांगता आलटून पालटून दोन्ही वाजवली. त्याने तीनदा झेनोच निवडलं.

हे आधी सांगायला हवं होतं: माउथपीस आपलाच न्या, आणि वाद्य बदलताना तो मुळीच बदलू नका. माझा ३सी मापाचा आहे. दोन्ही एकदम बदललं तर फरक कशाचा पडला ते कधीच कळणार नाही.

दुकान एसीत होतं, साधारण २२ अंश. घरी आणल्यावर एप्रिलच्या दुपारी तेच ट्रंपेट चढं लागलं आणि माझ्या पोटात गोळा आला. वाद्यात दोष नव्हता. नळीतली हवा दहा अंशांनी तापली की सूर तीसेक सेंटने चढतो, म्हणजे अर्ध्या स्वराचा जवळजवळ तिसरा हिस्सा. आमच्याकडे उन्हाळ्यात मुख्य ट्यूनिंग स्लाइड बरीच ओढावी लागते, म्हणून ती पुरेशी लांब आहे ना, ते दुकानातच ओढून बघा.

चांदीचा मुलामा की लॅकर, म्हणजे पारदर्शक वार्निश? मी चांदी घेतली. घामाने लॅकर उडतं. चांदी काळी पडते, पण कापडाने पुसली की परत येते. जुनं घेणार असाल तर मास्तरांनी शिकवलेली परीक्षा करा: पहिला व्हॉल्व्ह न दाबता त्याची स्लाइड ओढायची आणि मग व्हॉल्व्ह दाबायचा. 'टप्' असा आवाज आला तर व्हॉल्व्ह घट्ट आहेत. आला नाही तर हवा गळतेय. पितळेवर आतून फुटल्यासारखे लालसर ठिपके दिसले तर तिथूनच परत फिरा, पितळेतलं जस्त निघून चाललेलं असतं.

आणि मधल्या व्हॉल्व्हवर कोरलेला नंबर वाजवून झाल्याझाल्या लिहून घ्या. मी पैसे भरून खाली आले तर काउंटरवरच्या मुलाने नवी पेटी पुढे केली होती. "सीलबंद पीस आहे, मॅडम, कोणी तोंड न लावलेला." मी बिलावरचा नंबर माझ्या वहीतल्या नंबराशी ताडून बघितला. जुळत नव्हता. म्हटलं, मी तोंड लावलंय तेच द्या. तो वर गेला आणि माझं ट्रंपेट घेऊन आला. त्याच्या नळीत अजून माझ्या श्वासाचं पाणी होतं.