आधी पंख, मग तुम्ही

आमच्या अ‍ॅनिमे मंडळाच्या, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनच्या चाहत्यांच्या, वार्षिक संमेलनाचं वेळापत्रक दरवर्षी झोकात छापलं जायचं आणि शनिवारी सकाळी अकरापर्यंत ते बाद झालेलं असायचं. उद्घाटन दहाला म्हणजे माइक सुरू होईल तेव्हा. पहिलं पॅनेल अकराला म्हणजे उद्घाटन आटोपेल तेव्हा. तक्रार मात्र कुणी करत नसे, कारण तोवर निम्मी मंडळी दारातच अडकलेली असायची. शब्दशः अडकलेली. आवडत्या पात्राच्या वेषात, पाठीला सहा फुटी पंख लावून आलेला माणूस सरळ आत येऊ शकत नाही. त्याला आडवं करायचं, एक पंख आत घ्यायचा, मग माणूस, मग दुसरा पंख. दारावरच्या ताई मोठ्या प्रेमाने सांगायच्या, "दादा, आधी पंख येऊ देत, मग तुम्ही या."

पंखांतून सुटलं की शस्त्रतपासणी. तिथे बसणारे काका फार कडक. समोर त्यांच्या नातीच्या वयाची मुलगी स्वतःहून उंच कुऱ्हाड घेऊन उभी असायची आणि काका चष्म्यावरून बघत विचारायचे, "यात धातू आहे?"

"नाही काका, फोम आहे. आत प्लॅस्टिकचा पाइप."

काका पातं वाकवून बघणार, टोक तळहातावर दाबून बघणार, मगच मुठीला केशरी पट्टी बांधणार. पट्टी बांधली की शस्त्र निरुपद्रवी. एका वर्षी एका मुलीची राक्षस मारायची अजस्र तलवार बिनबोभाट पास झाली आणि पर्समधली शिवणाची कात्री मात्र जप्त झाली. तिचं म्हणणं होतं की तलवार ठेवा हवं तर, कात्रीवाचून माझा दिवस निघायचा नाही. खरं होतं तिचं.

कारण ही संमेलनं स्टेजवर होतात हा बाहेरच्यांचा गैरसमज आहे. ती होतात दुरुस्तीच्या टेबलावर. आमच्याकडे हे टेबल जिन्याखालच्या कोपऱ्यात असायचं आणि मी बहुतेक वर्षं तिथेच असायचे. एक ग्लू गन, एक जास्तीची ग्लू गन, सुया, सेफ्टी पिना, सगळ्या रंगांचे दोरे आणि एक चिकटपट्टी, जी नेहमी कुणीतरी नेलेली असायची. महिनोन् महिने रात्री जागून बनवलेलं चिलखत घरच्या आरशासमोर उत्तम बसतं. गर्दीत पहिला धक्का लागला की खांदा निखळतो.

एका महासेनापतीचा असाच निखळला होता. गडी माझ्यासमोर एक गुडघा टेकून बसला, कारण त्या चिलखतात खुर्चीवर बसता येत नव्हतं. फोमच्या कडेवर चंदेरी रंगाला बारीक तडे गेले होते आणि जुना गोंद दोऱ्यासारखा लोंबत होता. तो नखाने खरवडून काढला, दोन्ही कडा गनच्या गरम टोकाने जरा शेकल्या, नवा गोंद लावला आणि दाबून धरलं. आता गोंद निवेपर्यंत हलायचं नाही. ते धरून ठेवायला तिसरा हात हवा होता. तो दिला शेजारून जाणाऱ्या एकाने. त्याचा पोशाख बघितला तर कथेत याच सेनापतीचा घात करणारा तो! दोघं बराच वेळ तसेच, एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर. येणारेजाणारे थांबून फोटो काढत होते. त्या वर्षीचा सगळ्यात गाजलेला फोटो तोच ठरला आणि स्टेजवर खपून नाट्यप्रवेश बसवलेली मंडळी आमच्यावर रुसली.

पोशाख घालून संमेलनाला जायचं हे खूळ जपानी नाही, बरं का. 1939 साली न्यू यॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं, तिथे फॉरेस्ट अ‍ॅकरमन भविष्यकाळातल्या माणसाचा पोशाख घालून गेला. सोबत मर्टल डग्लस होती, तीही तशाच वेषात. दोघांचेही पोशाख तयार केले होते तिने, नाव मात्र त्याचंच जास्त झालं. आमच्या मंडळातही बक्षीस घेणारा दादा स्टेजवर आणि रात्रभर मशीन चालवणारी बहीण चौथ्या रांगेत टाळ्या वाजवतेय, हे मी पुष्कळदा बघितलंय. पुढे आम्ही नियमच केला, बनवणाऱ्याचं नाव आधी पुकारायचं.

चिलखतवाल्यांचे हाल वेगळेच. बसता येत नाही म्हणून दुपारी भिंतीला टेकून यंत्रमानवांची रांग उभी असायची, डोळे मिटून. शिरस्त्राणातून समोरचं दिसतं, खालचं दिसत नाही, म्हणून प्रत्येकाला हाताला धरून नेणारं कुणीतरी लागायचं: "पायरी आहे, अजून एक, आता सपाट." स्वच्छतागृहात जायचं तर मोहीमच. बटणं पाठीला, हातमोजे कोपरापर्यंत आणि मदतनीस बाहेर फोनवर बोलण्यात गुंग.

अशा संमेलनांना जाणाऱ्यांत सहा-दोन-एकचा नियम प्रसिद्ध आहे. रोज सहा तास झोप, दोनदा जेवण, एकदा अंघोळ. आमचे अध्यक्ष दरवर्षी तो माइकवरून गंभीर चेहऱ्याने वाचून दाखवायचे. पहिली अट कुणीच पाळत नसे. दुसरी जमेल तशी. तिसऱ्या अटीचं म्हणाल, तर रविवारी दुपारी बंद सभागृहात मधल्या रांगेत बसलेल्याला विचारा.

झोप जायची ती शनिवारी रात्रीच्या व्हिडिओंवर. अ‍ॅनिमेतली दृश्यं कापून आपल्या आवडत्या गाण्यावर बसवायची, हा प्रकार 1982 मध्ये अमेरिकेत जिम कपोस्टास नावाच्या चाहत्याने दोन व्हिडिओ रेकॉर्डर एकमेकांना जोडून केला. पहिला मान सहसा त्यालाच देतात. आता पोरं तेच काम लॅपटॉपवर करतात, पण आमच्या प्रोजेक्टरला ही प्रगती कळली नव्हती. आवाज यायचा तर चित्र नाही, चित्र यायचं तर उलटं. एकदा चित्र पूर्ण गेलं आणि नुसतं गाणं चालू राहिलं, तेव्हा अंधारात मागून कुणीतरी दृश्य सांगायला लागलं: "आता तो धावतोय. अजून धावतोय. आता केस उडतायत." सभागृह इतकं हसलं की चित्र परत आल्यावर लोक ओरडले, बंद करा!

पॅनेलांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. डब बरं की सबटायटल, हा वाद दरवर्षी व्हायचा आणि दरवर्षी वेळेअभावी आवरता घ्यावा लागायचा. एक मात्र विसरत नाही. 'वन पीस'ची मालिका 1999 पासून चालू आहे, भाग अकराशेच्या वर गेलेत. नवख्याने सुरुवात कुठून करावी, यावर चार जाणकार तासभर बोलले. शेवटी पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी वहीत हिशेब मांडून विचारलं, "म्हणजे न झोपता अठरा दिवस?" जाणकारांनी एकमेकांकडे बघितलं. एक म्हणाला, "पण मावशी, खरी मजा पुढेच आहे."

या मावशींबद्दल सांगायलाच हवं. आमच्या एका मुलीची आई. पहिल्या वर्षी त्या लेकीवर लक्ष ठेवायला आल्या होत्या आणि मांडीवर चार जणींच्या पिशव्या घेऊन दाराजवळ बसल्या होत्या. समोरून जाणाऱ्या प्रत्येकाकडे बोट दाखवून विचारायच्या, "हा कोण? याचे केस निळे का? घरी काय म्हणत नाहीत का?" दुसऱ्या वर्षी त्याच खुर्चीत बसून त्या इतरांच्या आयांना सांगत होत्या, "तो ना, तो मुळात चांगला आहे हो, पण लहानपणी आईबाप गेले." पुढे विगच्या गुंत्यांवर आमच्याकडे त्यांच्यासारखं माणूस नव्हतं. विग मांडीवर घेऊन टोकांकडून वर, हळूहळू, जराही न ओढता मोठ्या दातांचा कंगवा चालवायच्या आणि विगच्या मालकाला बोलत राहायच्या, "नुसती विकत आणता, निगा कोण राखणार?" लेक शिकायला दुसऱ्या गावी गेली. मावशी येत राहिल्या. मग एका वर्षी पांढरा झगा, हातात काठी, अशा एका हजार वर्षं जगलेल्या जादूगारणीच्या वेषात त्या दारात उभ्या राहिल्या. काकांनी काठी वाकवून बघितली आणि पट्टी बांधताना म्हणाले, "तुम्हीसुद्धा?" मावशी म्हणाल्या, "मुकाट्याने बांधा."

टोकियोत डिसेंबर 1975 मध्ये कॉमिकेट नावाचा, चाहत्यांनी स्वतः काढलेल्या कॉमिक्सचा मेळा सुरू झाला, तेव्हा त्यात 32 गट होते आणि आलेली माणसं जेमतेम सातशे. आता तो अवाढव्य झालाय, पण एक तत्त्व त्यांनी सोडलेलं नाही. तिथे कुणी गिऱ्हाईक नसतं. विकणारा, घेणारा आणि राबणारा, सगळे सहभागीच. आमच्या अध्यक्षांना हे फार आवडायचं, विशेषतः रविवारी संध्याकाळी, खुर्च्या उचलायची वेळ आली की. माइकवरून घोषणा व्हायची, "इथे पाहुणा कुणी नाही!" मग जगाचा संहार करायला निघालेले चार खलनायक चार-चार खुर्च्या डोक्यावर घेऊन जिना चढायचे. पंखवाल्याला तेवढी सूट, दाराचं लक्षात घेऊन.

शेवटी उरायची हरवलेल्या वस्तूंची पेटी. त्यात एकेकटे हातमोजे, एक डोळ्याची पट्टी, चिकटवायच्या भुवया आणि तळाशी एक केसाळ नारिंगी शेपटी. घोषणा करून करून आम्ही थकलो, पण ती न्यायला कुणी येईना. एका वर्षी स्पर्धेच्या तोंडावर एका मुलाची शेपटी रिक्षातच राहिली, म्हणून मी पेटीतली काढून सेफ्टी पिनांनी त्याला लावली. त्याला पहिलं बक्षीस मिळालं. निकालानंतर मागच्या रांगेतून एक गृहस्थ तावातावाने पुढे आले. शेपटी त्यांची होती आणि नियमाप्रमाणे तिच्या बनवणाऱ्याचं नाव आधी पुकारायला हवं होतं. हरकत लेखी होती. मंडळाने ती मान्य केली, प्रमाणपत्रावर दोन नावं घातली आणि शेपटी कुणी न्यायची यावर पुढच्या बैठकीत चर्चा ठेवली. विषय अजून अजेंड्यावर आहे.