चुन्याची निवळी पुन्हा नितळ झाली तेव्हा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसलो आणि सर्वांत आधी आठवली ती नववीच्या वर्गातील चुन्याची निवळी. आपल्या शाळेची प्रयोगशाळा त्या काळी एका लाकडी कपाटात मावत असे. काचनळ्या पुरत नसत, म्हणून विज्ञानाचे सर पपईच्या पानांचे पोकळ देठ आणत आणि पानटपरीवरच्या चुन्याची निवळी आदल्या दिवशीच करून ठेवत.

निवळीत फुंकले की ती दुधाळ होते, एवढेच पुस्तकात होते. सरांनी मात्र आम्हाला पाळीपाळीने फुंकत राहायला लावले, आणि गाल दुखू लागले तेव्हा कुठे तो दुधाळपणा विरत जाऊन पाणी पुन्हा नितळ झाले. श्वासातील कार्बन डायऑक्साइडपासून पाण्यात तयार होणाऱ्या कार्बोनिक आम्लाने न विरघळणाऱ्या कॅल्शियम कार्बोनेटचे विरघळणारे बायकार्बोनेट केले होते. (सरांनी निवळीत आधीच पुष्कळ पाणी घातले होते, घट्ट निवळी नुसत्या फुंकण्याने पुरती नितळ होत नाही, हे मला पुढे स्वतः शिकवू लागल्यावर उमगले.) मग परीक्षानळी स्पिरिटच्या दिव्यावर धरताच बुडबुडे निघाले आणि पांढरा साका परत आला. "तुमच्या घरच्या बंबात बसतो तो थर हाच," सर म्हणाले.

मी विचारले, "सर, आपल्या जालन्याकडं तर सगळा काळा पाषाण. मग विहिरीच्या पाण्यात चुना येतो कुठून?" सरांनी दोन दिवस मागून घेतले आणि तिसऱ्या दिवशी पूर्ण तास या एका प्रश्नाला दिला. बेसाल्टमधील खनिजांत कॅल्शियम बांधलेले असते. पावसाचे स्वच्छ पाणीही हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे किंचित आम्लधर्मी, सुमारे 5.6 सामूचे असते. पण खरे काम जमिनीत होते, कारण मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वसनामुळे मातीतील हवेत हा वायू बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी पट अधिक असतो. तिथे तयार होणारे हे सौम्य आम्ल युगानुयुगे पाषाण झिजवते, सुटलेले कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपात विहिरीत येते, आणि जिथे पाणी सुकते तिथे चुनखडीचे खडे मागे राहतात. ज्या चुनखडीच्या रानात आमची मोसंबी लोह न मिळाल्याने पिवळी पडे, त्या रानाचा इतिहास मला त्या तासाला कळला.

दुसऱ्या दिवशी मी तिथला एक खडा नेला. सरांनी त्यावर लिंबू पिळले, खडा फसफसला. तयार झालेले कार्बोनिक आम्ल लगेच मोडते आहे, असे त्यांनी सांगितले. पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे सहाशे रेणूंमागे जेमतेम एक या आम्लाच्या रूपात असतो, हे महाविद्यालयात शिकलो. आणि 2000 साली प्रसिद्ध झालेले एक गणित वाचले, तेव्हा तो खडा पुन्हा डोळ्यांसमोर आला: पाण्याचा लवलेश नसेल तर या आम्लाच्या एकट्या रेणूचे अर्धायुष्य सुमारे 1 लाख 80 हजार वर्षे निघते, ज्या पाण्यात तो जन्मतो, त्याच पाण्याचे रेणू त्याला मोडायला हात लावतात.