आज्जा वर बघायचा नाही

सांबऱ्याला उतरणाऱ्या विमानाचा आवाज आला की आमचा आज्जा शेंगा फोडता फोडता थांबायचा, वर बघायचा नाही, मान खाली घालायचा. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून तो लिबियातल्या तोब्रुकला होता. 20 जून 1942 ला सकाळी जर्मन श्टूका विमानांनी तिथं बॉम्ब टाकले आणि दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडलं.

श्टूका म्हणजे युंकर्स 87, जवळजवळ सरळ खाली सूर मारायचं, आणि सुरुवातीच्या बऱ्याच विमानांच्या चाकांजवळ वाऱ्यानं फिरणारा भोंगा लावलेला असायचा, फक्त खालच्या माणसाला घाबरवायला! बॉम्ब होतेच की, वर परत भीतीसाठी वेगळं यंत्र? मला हे आजपण सहन होत नाही.

आज्जा एवढंच म्हणायचा, "आवाज पोटात शिरतंय बघ बाळा." मग परत शेंगा.